स्प्रिंगफील्डमधला एक दिवस

आज बाबांना घेऊन अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या गव्हर्नरांचा वाडा पाहिला. गुडघ्यांमुळे बाबा जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत होते, आणि मला सारखा इथला जुना गव्हर्नर विल्यम बिसेल आठवत होता. मूळचा डेमोक्रॅट पक्षाचा. 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी केली, पक्ष दुभंगला, आणि हा माणूस कायद्याच्या विरोधात ठाम उभा राहिला. उभा म्हणतेय खरी, पण लकव्याने त्याला धड चालताही येत नव्हतं! तरी 1856 मध्ये तो निवडून आला, राज्याचा पहिला रिपब्लिकन पक्षाचा गव्हर्नर. जानेवारी 1857 मध्ये शपथ याच वाड्यात घेतली. बाबा खुर्चीवर टेकले, काठी मांडीवर आडवी ठेवली, म्हणाले, "पुन्हा सांग गं, सावकाश."