गुऱ्हाळावर माहितीपट करताना

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर छोटा माहितीपट करायचं ठरलं, तेव्हा पहिला विचार निवेदनाचाच आला. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवत. सगळं समजावून सांगणारा तो भारदस्त आवाज आमच्या घरातल्या मोठ्यांना अजून आठवतो. माहिती पोचवायला ही शैली चांगलीच आहे. उसाचा गूळ कसा होतो, हे निवेदनातून दोन मिनिटांत सांगून होतं. मला मात्र गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराचं, कसब दाखवायचं होतं.

काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) रस उकळतो, भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढतात, आणि पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला पोचला की आदण (एका वेळी शिजवलेला पाक) उतरवून वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, ओततात. मी गेले त्या गुऱ्हाळावर थर्मामीटर नव्हता. मामा (गुळव्याला तिथे सगळे मामाच म्हणतात) फेसाचा रंग बघायचे, बुडबुड्यांचा आवाज ऐकायचे, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांनी दाबायचे. लवकर उतरवला तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. हा निर्णय घेणारा चेहरा प्रेक्षकाने स्वतः बघायला हवा, म्हणून निवेदन पूर्ण काढलं.

१९६० च्या सुमारास खांद्यावर पेलेल असा १६ मिमीचा कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून चालणारा हलका टेप रेकॉर्डर आला. रॉबर्ट ड्रू आणि रिचर्ड लीकॉक यांनी अमेरिकेत त्यातून निरीक्षणाची शैली घडवली: निवेदन जवळपास नाही, सूचना नाहीत, समोर घडतंय ते टिपायचं. वाचताना हे सोपं वाटतं. गुऱ्हाळावर वाफेने लेन्स सारखी धुरकट होते. चुलवाणाच्या जाळाला एक्स्पोजर लावलं की चेहरे अंधारात जातात, चेहऱ्यांना लावलं तर जाळ पांढराफटक. मी जाळ धरला आणि चेहरे अर्धे अंधारात राहू दिले, कारण रात्री तिथे माणसं दिसतात तशीच. शटर १/५० वर ठेवलं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे लुकलुकत नाहीत. आवाजाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. घाण्याच्या इंजिनापुढे काहीच ऐकू येईना. लेपल माइक मामांच्या बंडीत आतून लावला, आणि इंजिन बंद असताना फक्त उकळण्याचा आवाज वेगळा घेऊन ठेवला. माझ्या मते या माहितीपटाचा जीव त्या आवाजातच आहे.

एकदा ऐन उतरवणीला काहिलीवर दाट वाफ आली. "मामांना परत करून दाखवायला सांगू या," असं सोबतचा मित्र म्हणाला. रॉबर्ट फ्लॅहर्टीने १९२२ च्या माहितीपटात बर्फाच्या घरात उजेड पुरत नाही म्हणून एक बाजू उघडी ठेवलेलं घर बांधून घेतलं होतं. त्यावर आजही वाद होतात. माझं मत स्पष्ट होतं: ऊस बघा, फड बघा, चालत या, हे पुन्हा करायला सांगता येतं. मामांचा अंदाज पुन्हा करायला सांगितला की तो अभिनय होतो. आम्ही पुढच्या आदणाची वाट पाहिली.

कच्चं संकलन झाल्यावर लॅपटॉप घेऊन गुऱ्हाळावर गेले. ही कल्पना झाँ रूश आणि एदगार मोरँ या फ्रेंच जोडीकडून घेतली. त्यांनी १९६१ च्या पॅरिसवरच्या माहितीपटात, ज्यांचं चित्रण केलं त्यांनाच ते दाखवून त्यांची चर्चाही चित्रित केली होती. मामांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ताई, जाळ दिसतोय, पर जाळ घालणारा कुठं हाय? त्यानं चिपाड जास्त सारलं तर माझं डोळं काय करणार?"

"मामा, मग त्यांना तुम्ही सांगता कसं, जाळ कमी कर म्हणून?"

"सांगावं लागत न्हाय. त्याला माझ्या हातावरनं कळतंय."

चुलवाण काहिलीपेक्षा खाली असतं. तिथे बसून वर पाहिलं की मामांचा फक्त हात दिसतो. त्या जागेवरून पुढची आदणं चित्रित केली. निरीक्षणाच्या शैलीत दिग्दर्शकाचा आवाज सहसा काढून टाकतात, पण हा संवाद मी माझ्या प्रश्नासकट ठेवला. पडद्यावर आधी मामांचं उत्तर ऐकू येतं, आणि ते संपायच्या आतच चुलवाणातून वर पाहणारा शॉट सुरू होतो.