डावा कान शिवला, उजवा थांबवला

घणसोली गावातल्या मावशी आल्या तेव्हा भाचीच्या हळदीला २३ दिवस उरले होते. कानाच्या दोन्ही पाळ्या तुटलेल्या. डावी जुनीच: जड झुमक्यांनी भोक वर्षानुवर्षं ओघळत गेलं आणि शेवटी कडेपर्यंत चिरलं. उजवीवर मात्र काळपट खपली, भोवती लाली, खालून पू. 'बिना टाके कान जोडून मिळेल' अशी पाटी असलेल्या पार्लरात दहा दिवसांपूर्वी औषध लावून घेतलं होतं.

हे औषध बहुधा ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. त्यामागची कल्पना अगदीच चुकीची नाही, म्हणून जास्त राग येतो. फाटलेल्या पाळीच्या दोन्ही कडांवर आतपर्यंत कातडी चढलेली असते. कातडी कातडीला जुळत नाही, पट्टी लावा नाहीतर गोंद. दोन्ही बाजूंचा कच्चा भाग समोरासमोर यावा लागतो. आम्ही ती कातडी पात्यानं काढतो, पार्लरवाले जाळतात. पातं हवं तिथं थांबवता येतं. अ‍ॅसिड किती खोल गेलं ते नंतर कळतं. पाळीत कुर्चा (मऊ हाड) नसते, नुसती चरबी आणि तंतू. जळलं ते गेलं.

"भाचीची हलद हाय डॉक्टर, रिकाम्या कानांनी कशी उभी ऱ्हाऊ?"

दोन्ही शिवून टाका, हा त्यांचा हट्ट. जखम पिकलेली असताना टाके घातले तर ते कापत बाहेर येतात आणि होती तेवढी पाळीही जाते. म्हणून फक्त डावी घेतली. त्याआधी छाती, खांदे आणि जुने व्रण पाहिले. केलॉइडची, म्हणजे व्रण जखमेबाहेर फुगत जाण्याची, सवय असेल तर टाक्यांच्या जागी गाठ येते, आणि ती फाटक्या कानापेक्षा वाईट दिसते.

पाळी शिवणं म्हणजे 'दोन टाके' असं आमच्यातलेही बरेच जण समजतात. भूल देण्याआधी पेनानं खुणा करून घ्यायच्या, कारण औषध भरलं की पाळी फुगते आणि कुठली कड कुठं बसते ते समजत नाही. दोन टक्के लिग्नोकेन दीड मिली, बारीक सुईनं, हळू. मग चिरेची आतली कातडी पूर्ण काढायची. कणभर राहिली तरी तिथं पुढं गाठ धरते. सरळ रेषेत शिवलं तर व्रण लांबीत आक्रसतो आणि खालच्या कडेला खाच पडते. आधी कुणीतरी घाईत शिवलेल्या कानांवर हीच खाच मला सगळ्यात जास्त दिसते. म्हणून कडेपाशी रेषा मोडायची: तीन-चार मिलिमीटरच्या भुजांचा छोटा इंग्रजी झेडच्या आकाराचा छेद. पहिला टाका कडेवरच, जखमेच्या कडा किंचित बाहेर उंचावलेल्या ठेवून, म्हणजे व्रण बसला की कड सपाट होते. पुढून ६-० मापाचा बारीक नायलॉन धागा, मागून किंचित जाड ५-०. आठव्या दिवशी टाके काढले.

हळदीला या कानात काही अडकवायचं नाही, हे पटवायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ लागला. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या साधारण पाचवा हिस्सा ताकद असते. तीन महिन्यांनी सत्तर-ऐंशी टक्के, पूर्ण कधीच नाही. म्हणून नवं भोक तीन महिन्यांनी, तेही व्रणात नाही, शेजारी. झुमके काट्यावर ठेवले: जोडी २२ ग्रॅम. शेवटी त्यांच्या बुगडीच्या भोकांनी वाचवलं, कानाच्या वरच्या कडेची ती भोकं शाबूत होती. हलक्या बुगड्या घालून त्या उभ्या राहिल्या.

उजवी तीन महिन्यांनी, व्रण मऊ झाल्यावर शिवली. टाके उत्तम बसले, खाच नाही. पण जळालेला भाग काढल्यावर पाळी डावीपेक्षा तीन मिलिमीटर अरुंद झाली. आणखी तीन महिने थांबलो असतो तर व्रण अजून सैल होऊन थोडी कातडी वाचली असती का, ते मला ठरवता येत नाही. समोरून पाहिलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही. मावशींच्या येतं.

मागच्या आठवड्यात म्हणाल्या, डावी थोडी कापून दोन्ही सारख्या करून द्या. करता येतं, अर्ध्या तासाचं काम. पण धडधाकट, नुकतीच भरलेली पाळी कापायला माझा हात उचलत नाही. लाली जाऊ द्या, मग बघू, एवढंच सांगितलं. तारीख दिलेली नाही.