ब्रूटस मी झालो होतो

1988 च्या गॅदरिंगला आम्ही नववीच्या मुलांनी शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मधला एकच प्रवेश मराठीतून केला होता, सीझरच्या खुनानंतरची ती दोन भाषणं. सरांनी मला ब्रूटस दिला, म्हणजे सीझर राजा होईल या भीतीने त्याला मारणाऱ्या कटातला त्याचाच लाडका मित्र, आणि माझ्या बाकावरच्या मित्राला अँटनी, म्हणजे सीझरच्या बाजूचा माणूस.

खरं सांगायचं तर अँटनी सगळ्यांनाच हवा होता, त्याचं भाषण लांब आणि वर त्याच्या हातात सीझरचा झगा. झगा म्हणजे सरांच्या घरची जुनी पांढरी चादर, ब्लेडने भोकं पाडलेली, कडेने लाल पोस्टर कलर. मित्र एकेका भोकात बोट घालून दाखवायचा, इथून कटातल्या कॅशिअसचा खंजीर गेला, इथून कॅस्काचा, आणि इथून सीझरच्या लाडक्या ब्रूटसचा, अंगावर काटा यायचा. एकदा सरांनी मधेच थांबवलं, "अरे, खून झाला तेव्हा अँटनी होता का तिथं?" नव्हता! कटातल्याच ट्रेबोनिअसने त्याला आधीच बाजूला नेलं होतं. मग कुठलं भोक कोणाचं हे त्याला कळलं कसं? आम्ही सगळे गप्प.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. ब्रूटस लोकांना सरळ सांगतो की माझं सीझरवर प्रेम होतं पण रोमवर त्याहून जास्त होतं, आणि लोक खूश होऊन ओरडतात, ह्यालाच सीझर करा! सर मला म्हणाले, "हे ऐकून तुझा चेहरा पडला पाहिजे." मी म्हटलं, सर, लोक तर माझ्याच बाजूने आहेत ना? ते म्हणाले, "ज्याच्यासाठी सीझरला मारलं तेच ते तुला व्हायला सांगतायत, बघ विचार करून." आज इतक्या वर्षांनी मला पक्कं वाटतं की ब्रूटस तिथंच हरला, अँटनीने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

लोक म्हणतात ब्रूटस भोळा, कॅशिअस नको म्हणत होता तरी अँटनीला बोलू दिलं आणि वर स्वतः निघून गेला. मला नाही पटत. आपण आपलं कारण नीट सांगितलं की माणसाला कळतं असं तो धरून चालला होता, आणि असं धरून चालणाऱ्या माणसाला मी भोळा म्हणणार नाही. अँटनीने कारण दिलंच नाही, आधी चादर दाखवली, मग सीझरचं मृत्युपत्र, प्रत्येक रोमकराला 75 द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी. त्यानंतर जमावाने सिना नावाच्या कवीला नुसत्या नावावरून फाडला, तो कटातला सिना नव्हताच. पण अँटनी खोटा होता असंही नाही हां, सीझरच्या प्रेताजवळ एकटा असताना तो बोलतो ते कुणाला दाखवायला नसतं.

गॅदरिंगला टाळ्या मित्रालाच पडल्या. पुढच्या शनिवारी सर आम्हा दोघांना तलावपाळीवर घेऊन गेले आणि बाकावर बसून शेवटचा प्रवेश मित्राला वाचायला लावला, ब्रूटस आणि अँटनीच्या सैन्यांची फिलिपीची लढाई संपलीय, ब्रूटस मेलाय, आणि ज्या अँटनीने भर सभेत उपरोधाने 'ब्रूटस थोर माणूस आहे' म्हणून म्हणून त्याला संपवला तोच प्रेताशी उभा राहून म्हणतो, ह्या सगळ्यांत थोर रोमन हाच. मित्र एरवी वाचताना दोन्ही हात नाचवायचा. त्या दिवशी त्याने पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.