जर्मनचे पातेले आणि गाडीची चाके

आमची आजी आमसुलाचे सार जर्मनच्या पातेल्यात कधीही ठेवू देत नसे. ॲल्युमिनिअमला आमच्याकडे ‘जर्मन’ म्हणतात, आणि आंबट-खारट पदार्थांनी त्या पातेल्यांच्या तळाला पडलेली बारीक भोके व त्यांच्याभोवती जमणारी पांढरी पूड मी लहानपणी पुष्कळदा पाहिली होती. तीच पूड चाळीस वर्षांनी माझ्या गाडीच्या चाकांवर दिसली, तेव्हा मात्र तिची ओळख पटायला वेळ लागला. चुना उडाला असेल, असे समजून मी आठवडाभर ती ओल्या फडक्याने पुसत राहिलो.

आमचे घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीच्या बाजूला आहे. गाडी नऊ वर्षांची असून तिला ‘डायमंड कट’ म्हणवली जाणारी अलॉय व्हील आहेत. ही चाके ओतीव ॲल्युमिनिअमची असतात. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडे मॅग्नेशिअम असते. ॲल्युमिनिअम गंजत नाही हा समज अर्धाच खरा आहे. हवा लागताच त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो आणि लोखंडाच्या गंजासारखा तो सुटून न येता आतल्या धातूचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड नेमका हाच थर जागोजागी फोडते, आणि जिथे तो फुटतो तिथे खड्डा पडत जातो. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली या दोहोंतही हा थर विरघळतो. म्हणूनच धुलाई केंद्रात चाकांवरचा काळेपणा क्षणात घालवणारा जो फवारा मारला जातो, त्याचे मला कौतुक वाटत असे याची आता लाज वाटते.

डायमंड कट चाकाचा दोष त्याच्या घडणीतच आहे. चाक आधी रंगवतात, मग लेथवर त्याचा दर्शनी भाग कापून उघडा धातू चमकवतात आणि त्यावर केवळ पारदर्शक लॅकर चढवतात. कापलेल्या कडा धारदार असल्यामुळे तिथे लॅकर पातळच बसते. खडी उडून टवका गेला, फुटपाथला चाक घासले किंवा बॅलन्सिंगचे वजन ठोकताना चिमटीने कड खरवडली, की खारे पाणी लॅकरखाली शिरते. पुढे ते धाग्यासारखे सरकत जाते: धाग्याचे टोक आम्लधर्मी असते आणि धातू खात पुढे जाते, तर मागच्या शेपटीत पांढरी पूड साचत राहते. दमट हवा असली की याला आणखी काहीच लागत नाही, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आमच्या गावात तिची वानवा नाही. शोरूमच्या दिव्यांखाली ही चाके देखणी दिसतात, पण कोकणात ती विकत घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिले चाक मी गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात हाती घेतले आणि त्यात दोन चुका केल्या. ड्रिलला पोलादी तारेचा ब्रश लावून पांढरी पूड झपाट्याने काढली. त्या तारेचे सूक्ष्म कण ॲल्युमिनिअममध्ये रुतून राहिले, आणि दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून असले की त्यांतला ॲल्युमिनिअमच आधी झिजतो. दुसरी चूक अधिक महत्त्वाची होती. जिथवर पांढरे दिसत होते तिथवरच मी घासले आणि पलीकडचे लॅकर शाबूत समजून तसेच ठेवले. रंग सुरेख बसला. गणपतीपर्यंत मात्र घासलेल्या भागाच्या नेमक्या कडेवर नवे धागे उमटले, कारण जुने तिथे संपलेलेच नव्हते.

म्हणून या जानेवारीत चारही चाके पहिल्यापासून केली. साबणाच्या पाण्याने धुऊन, ब्रेकची चिकट काजळी काढून आणि थिनरने पुसून झाल्यावर मी लॅकरवर मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात उपटून पाहत असे. वरून निर्दोष दिसणारे लॅकर टेपबरोबर सुटून येई आणि खाली केसाएवढे धागे दिसत. शेवटी दर्शनी भागावरचे सगळेच लॅकर काढायचे ठरवले. यासाठी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १२०, २४० आणि ४०० असे चढत जावे लागते. खड्ड्याच्या तळाशी करडा ठिपका उरला असेल, तर तो जाईपर्यंत पुन्हा १२० वर यावे लागते. एका चाकाला दीड दिवस लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ आऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत बोटाला पेपर गुंडाळून घासण्यात गेला. पेपर ओला ठेवावा. ॲल्युमिनिअमची कोरडी बारीक धूळ श्वासाला वाईट आणि ठिणगी पडल्यास पेट घेणारी असते.

साधा प्रायमर या धातूला नीट धरत नाही. धातूचा पृष्ठभाग किंचित खाऊन त्याला धरणारा आम्लयुक्त एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो. एच प्रायमरवर पुट्टी नीट कडक होत नाही, आणि माझ्या दोन चाकांवर फुटपाथचे खोल ओरखडे होते; त्यामुळे घासलेल्या उघड्या धातूवर पुट्टी भरून, ती सपाट करून वर इपॉक्सी मारला. रंगाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पातळ हात, मध्ये पंधरा मिनिटे, आणि टायर व रिम यांच्या फटीत जुन्या कॅटमधले पत्ते उभे खोचले, की टायरला रंग लागत नाही. एक गोष्ट मात्र आमच्या हवेत सांभाळावीच लागते: दंव पूर्ण वाळल्यावर, सकाळी अकरानंतर, फवारणी सुरू करून चारच्या आत थांबावे, नाहीतर लॅकर दुधाळ होते. कडक होणारे दोन घटकांचे लॅकर अधिक टिकते हे खरे, पण त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने घराच्या पडवीत ते मारण्याच्या मी विरुद्ध आहे.

लेथवरची ती चकाकी अर्थातच परत आली नाही. चाके आता एकसारखी चंदेरी दिसतात आणि शेजाऱ्यांच्या मते गाडी ‘बेस मॉडेल’ झाली आहे.

जिथे रंग लागू नये त्या जागा दिसायला बिनमहत्त्वाच्या असतात. नट बसतात ते खळगे आणि चाक ज्यावर बसते त्या हबला टेकणारी मागची सपाट बाजू मी टेपने झाकली होती, कारण तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबून नट सैल पडू शकतात. चाके चढवल्यावर टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ११० न्यूटन-मीटरवर आवळली आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासली. बॅलन्सिंगसाठी कडेला ठोकायची वजने नाकारून आतून चिकटवायची मागून घेतली.

एका चाकाची हवा आठवड्यात ३२ पीएसआयवरून २४ वर येत असे. टायरवाल्याने टायर उतरवल्यावर टायरची आतली जाड कड, म्हणजे बीड, जिथे रिमला चिकटते तिथे तीच पांढरी पूड निघाली. तिथे पुट्टी चालत नाही. नायलॉनच्या घासणीने स्वच्छ करून बीड सीलर लावला आणि गळती थांबली. त्याच वेळी आतल्या बाजूला तडा नाही ना, हे तिरप्या उजेडात दोघांनी मिळून पाहिले. तडा असता तर चाक भंगारात दिले असते. ते वेल्डिंग करून पुन्हा वापरण्याची सूचना तिथल्याच एका गिऱ्हाइकाने केली होती, आणि टायरवाल्याने उत्तर न देता त्याच्याकडे नुसते पाहिले.

नव्या रंगाचा पहिला पावसाळा आता संपला आहे. तीन चाकांवर काहीही नाही. मागच्या उजव्या चाकावर व्हॉल्व्हच्या भोकापाशी पाच मिलिमीटरचा एक धागा आला आहे. तिथे रबरी व्हॉल्व्ह न काढता मी त्याच्याभोवतीने घासले होते, त्यामुळे भोकाची कड तशीच राहिली. जानेवारीत टायर उतरवून, व्हॉल्व्ह काढून ती कड घासायची आहे.