गॅदरिंगमधलं तिकिटांचं टेबल

अंबाजोगाईच्या आमच्या शाळेचं गॅदरिंग जानेवारीत असायचं. आनंदनगरीच्या दिवशी सगळी झुंबड भेळ, भजी आणि पाणीपुरीकडे. जुन्या टपाल तिकिटांचं टेबल कडेला, लिंबाखाली. ते खातं चित्रकलेच्या सरांचं. भेळ खाऊन आलेल्या पोराला ते आधी नळावर पिटाळायचे, मगच हातात चिमटा द्यायचे. तेलाचं बोट लागलं की तिकीट कामातून गेलं, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं.

गॅदरिंगच्या आधीचे पंधरा-वीस दिवस तिकिटं सोडवण्यात जायचे. पाटीत पाणी, त्यात पाकिटांचे तुकडे, सुटलेली तिकिटं रद्दी पेपरवर पालथी वाळत घातलेली. लग्नपत्रिकांची गुलाबी पाकिटं वेगळी भिजवायची, नाहीतर सगळ्या पाटीचा रंग लागायचा.

पण हे सगळं कालपरवाच्या टपालाचं. जुन्या पाकिटाला मात्र पाणी नाही आणि कात्री तर नाहीच, हा सरांचा दंडक. "तिकीट छापखान्यातून लाखांनी निघतं रे, हे पाकीट एकच आहे," ते म्हणायचे. पत्ता, शिक्का, तारीख, पाठीमागचा पोहोचल्याचा शिक्का, हे सगळं मिळून त्याची किंमत. मला तर आता वाटतं, मराठवाड्यात हा छंद करावा तो पाकिटांचाच. सुट्या तिकिटांत पुण्या-मुंबईच्या माणसाशी आपण काय बरोबरी करणार? आपल्या माळवदाच्या घरांतल्या ट्रंकांत जे आहे, ते मात्र त्याच्याकडे नाही.

कारण आपल्याकडे एकाच घरात दोन राज्यांचं टपाल यायचं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निजामाची स्वतःची तिकिटं १८६९ पासून होती, पण ती संस्थानाच्या हद्दीतच चालायची. परभणीला दिलेल्या लेकीचं पत्र निजामाच्या तिकिटावर, सोलापूरला दिलेल्या लेकीचं इंग्रजांच्या राजाच्या तोंडाच्या तिकिटावर. पैसेही वेगळे, इथं निजामाचा हाली रुपया, तिथं इंग्रजांचा कलदार. संस्थान भारतात आणणारी पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ला झाली, तरी निजामाची तिकिटं लगेच गेली नाहीत, १९५० पर्यंत चालली. आणि आमच्या गावाचं जुनं नाव मोमिनाबाद, हे कित्येक पोरांना पहिल्यांदा पाकिटावरच वाचायला मिळालं.

निजामाच्या १९३१ च्या मालिकेतली तिकिटं टेबलावर आली की सहलीच्या गप्पा निघायच्या. एक आण्याला चारमिनार, आठ आण्याला अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, रुपयाला दौलताबादचा मिनार. "सर, इथं तर आपली सहल गेली होती!" मग सर १९४९ चं भारताचं तीन पैचं तिकीट शेजारी ठेवायचे. त्यावर अजिंठ्याचा हत्ती. निजामाकडं आठ आण्याला असलेला अजिंठा स्वतंत्र भारतात सगळ्यात स्वस्त तिकिटावर आला, म्हणजे तो गरिबाच्या पत्रावरही बसला. मला ते फार आवडायचं.

विक्री म्हणाल तर बेताचीच. पोरांना हवी असायची ती स्टेशनरीच्या दुकानातल्या पुड्यांतली रंगीत तिकिटं: हंगेरीची फुलपाखरं, शारजा-अजमानचे अंतराळवीर. सर तिकीट उलटं करून दाखवायचे. वर शिक्का, आणि मागं डिंक जसाच्या तसा! म्हणजे हे कधी पत्रावर बसलंच नाही, गिऱ्हाइकासाठीच छापलेलं. तरी खपायची तीच. १९७१ ची 'रेफ्युजी रिलीफ' (निर्वासित साहाय्य) असा छाप मारलेली पाच पैशांची तिकिटं कुणी ढुंकून बघत नसे. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्रांवर ती जादा लावावी लागत, म्हणून घराघरांत पडलेली. गावोगावी वेगवेगळे छाप मारले गेल्यानं आज जाणते लोक नेमके तेच छाप शोधत फिरतात. आता तर टपाल खातं सहावी ते नववीच्या निवडक पोरांना या छंदासाठी वर्षाला ६००० रुपये शिष्यवृत्ती देतं. आम्हाला मिळायची ती सरांची टपली.

खरी गर्दी जमायची ती निवृत्त गुरुजी आले की. जुन्या पाकिटांत पत्रं असायची, बहुतेक मोडी लिपीत, आणि ती वाचणारे ते एकटेच. चष्मा कपाळावर सरकवून मोठ्यानं वाचायचे: बैलजोडीचा भाव, ज्वारीची रास, कुणाचा तरी राहिलेला आहेर. भेळेच्या रांगेतले पालकसुद्धा इकडं सरकायचे. एका वर्षी एक आजोबा घरचा गठ्ठा विकायलाच घेऊन आले होते. भावही ठरत आला होता. गुरुजींनी त्यातलं एक पत्र वाचायला घेतलं, तर त्यात आजोबांच्या आत्याची सोयरीक निघाली, देण्याघेण्याच्या हिशेबासकट. आजोबांनी गठ्ठा उचलून धोतराच्या सोग्यात बांधला. "नाही द्यायचं बाबा. ह्यात घरातलं आहे."

असे सौदे मोडले की सर भलतेच खूश दिसायचे. टेबलावर विक्री व्हावी असं त्यांना मनातून कधी वाटत होतं की नाही, देव जाणे.