दोन्हीकडे ‘असतं’

काल संध्याकाळच्या इंग्रजीच्या बॅचला एका मुलीने वहीत लिहिलं, ‘इफ द डॅम वुड हॅव बर्स्ट ॲट नाइट, वी वुड नॉट हॅव सर्व्हाइव्ह्ड.’ नर्सिंग करतेय, अभ्यासात चोख. पण इथे अडली. नारायण पेठेतल्या माझ्या खोलीत अकरा वर्षांत आलेला जवळपास प्रत्येकजण इथेच अडतो.

मराठी वाक्य मी दिलं होतं, पण ते मूळचं आईचं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आई नऊ वर्षांची, शनिवार पेठेत, नदीच्या अगदी जवळ. धरण खचायला लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते सकाळपर्यंत टिकलं आणि पुण्यात पाणी आलं ते दिवसाउजेडी. आई अजून म्हणते, ‘रात्री फुटलं असतं तर आम्ही वाचलो नसतो.’

या वाक्यातच चुकीचं मूळ आहे. फुटलं असतं, वाचलो नसतो. आपल्या संकेतार्थात, म्हणजे ‘झालं असतं तर’ अशा वाक्यात, ‘असतं’ दोन्हीकडे येतं, मग मुलं ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे घालतात. त्यांचं डोकं बरोबरच चाललेलं असतं, म्हणून मी रागावत नाही. इंग्रजीत इफच्या बाजूला हॅड लागतं: ‘इफ द डॅम हॅड बर्स्ट’. वुड हॅव फक्त परिणामाला. ‘तर’वर बोट ठेवा, अलीकडे हॅड, पलीकडे वुड हॅव, असं मी सांगते. वाक्य उलटं फिरवलं तरी हॅड इफला सोडत नाही. (अमेरिकेत बोलताना ‘इफ आय वुड हॅव’ सर्रास कानावर पडतं. परीक्षेत चालत नाही.)

तिने खोडून हॅड लिहिलं. मग विचारलं, ‘मॅडम, “रात्री फुटलं असतं तर आज मी इथे नसते” असं म्हणायचं असेल तर?’

हे मी अजून शिकवलंच नव्हतं! फळ्यावर दोन्ही शेपटं एकाखाली एक लिहिली: ‘वाचलो नसतो’, ‘इथे नसते’. पहिल्यात ‘वाचलो’ आहे, घडून गेलेलं. दुसऱ्यात नुसतं ‘नसते’, आजचं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘मग हॅव जाईल.’

‘इफ द डॅम हॅड बर्स्ट ॲट नाइट, आय वुड नॉट बी हिअर टुडे.’

बॅच सुटल्यावर ते वाक्य मी पुसलं नाही. आई आत भाजी निवडत होती, तिला हाताला धरून आणलं आणि फळ्यावरचं वाचून दाखवलं.