लासलगाव ते वाशी, जुन्या १६१३ ट्रकवर: घोटीत बॅटऱ्या विकत घेण्याआधी अर्थिंग मोजा

पावसाळ्यात रात्री कांदा भरून नाशिकमार्गे वाशी मार्केटला जुनी २४ व्होल्टची (१२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेली) गाडी नेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. पाना, टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर गाडीत आहे असं धरून चालतो. मीटर नसेल तर आधी तो घ्या. काहीशे रुपयांत येतो, आणि घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात तोच तुमचे हजारो रुपये वाचवेल.

लासलगाव ते नाशिक रस्ता ठीक. वाडीवऱ्हे सोडल्यावर पाऊस लागला आणि लक्षणं दिसायला लागली: इंजिन मंद असताना हेडलाइट पिवळे, रेस दिली की जरा उजळ. चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझत नव्हता. घोटीजवळ गाडी बंद केली, परत सेल्फ (स्टार्टर) मारला तर नुसतं टक-टक-टक. रस्त्यावरच्या गॅरेजमधल्या वायरमनने बोनेटही न उघडता निकाल दिला: दोन्ही बॅटऱ्या गेल्या, डायनामो (बॅटऱ्या चार्ज करणारा अल्टरनेटर) जळला, २३ हजार. मीटर लावायला तो तयारच नव्हता. हा निकाल साफ खोटा होता, आणि तो खोटा ठरवायला चार रीडिंग पुरली.

पहिलं, इंजिन बंद ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. पूर्ण भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इथे एक १२.५ होती, दुसरी ११.९. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावर येतो.

दुसरं, क्लीनरला सेल्फ मारायला सांगून मीटरच्या सुया थेट बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर धरा, लगवर (वायरच्या टोकाच्या कडीवर) नाही. बॅटरी खरंच मेली असेल तर दोन्ही मिळून आकडा १९ च्या खाली कोसळतो. इथे तो २३ वर टिकला होता. बॅटरीत दम होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. एक सुई बॅटरीच्या मायनस टोकावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या बोल्टवर, आणि पुन्हा सेल्फ. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून कमी यायला हवा. इथे प्रत्येक टक-टकला आकडा १० च्या पुढे उसळत होता. इंजिन आणि चेसी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी, जिच्यातून वीज बॅटरीच्या मायनसकडे परत जाते, ती गेली होती. बाहेरून अखंड दिसत होती, पण लगच्या खाली हिरवा गंज आणि त्यावर काळा रंग. पासिंगच्या (आरटीओ तपासणीच्या) आधी चेसीला रंग मारताना अर्थिंगचा बोल्टही रंगवतात. त्यात ओल शिरली की वीज अडते. गाडी जुनी असेल आणि नुकतीच पासिंग होऊन आली असेल, तर पहिला संशय इथेच घ्या.

जम्पर केबलचं एक टोक मायनसला आणि दुसरं सेल्फच्या बसवणीच्या बोल्टला लावलं, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. त्या पावसात तो आवाज ऐकून जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

चौथं रीडिंग गाडी चालू असताना, केबल काढून, दिवे लावून. डायनामोच्या मोठ्या टर्मिनलवर त्याच्याच बॉडीच्या हिशेबाने २८.१, बॅटऱ्यांवर मात्र २५.६. म्हणजे डायनामो उत्तम. तोही इंजिनवरच बसलेला असल्याने त्याची सगळी वीज त्याच सडक्या पट्टीतून परत जाते. कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) डायनामोपाशीच व्होल्टेज बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं आलबेल असतं आणि बॅटऱ्या उपाशी राहतात. सेल्फ आणि चार्जिंग दोन्ही एकदम बिघडलं तर दोन वस्तू एकाच रात्री मेल्या असं मानू नका, दोघांत सामायिक काय आहे ते शोधा. हाताने कळणारी आणखी एक खूण: सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची किंवा इंजिन बंद करायच्या स्टॉपची केबल गरम लागते, कारण वाट न मिळालेली वीज तिथून जाते.

पट्टी बदलताना निदान ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या, शक्यतो ७०. लग दाबून बसवलेले हवेत. दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत घासा, दात असलेला वॉशर टाका, कसल्यावर वरून व्हॅसलिन. आधी लावू नका.

त्या वायरमनने शेवटी डायनामो तपासतो म्हणून चालू गाडीत बॅटरीची केबल काढायला हात घातला. हे कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं, डायोड जळतात, आणि मग डायनामो खरंच विकत घ्यावा लागतो.

चारही ठिकाणी आकडे बरोबर असतील तरच पुढचं बघा. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतच नसेल तर त्याचा बल्ब किंवा वायर गेली आहे. त्या बल्बमधूनच डायनामोला पहिली चेतना मिळते, म्हणून तिथे साधा बल्बच हवा, एलईडी टाकू नका. दिवा विझत नसेल आणि डायनामोवरही २६ च्या खाली असेल तर आधी डायनामोच्या बेल्टचा ताण बघा, अंगठ्याने १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे, मग डायनामोचे कार्बन ब्रश. सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन हलत नाही, तर दोष बेंडिक्समध्ये (सेल्फचा दातेरी भाग इंजिनला जोडणाऱ्या यंत्रणेत). १० सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

इगतपुरी ते कसारा हा टप्पा संशयास्पद सेल्फ घेऊन उतरू नका. घाटातून खाली येताना रांग लागते, धुकं असतं, वायपर आणि दिवे बंद करता येत नाहीत. ७० वॉटचे दोन हेडलाइट, बारीक दिवे आणि वायपर मिळून १२ अँपिअरच्या आसपास जातात, जास्तीचे हॅलोजन फॉग लावले तर आणखी सहा. मंद इंजिनवर जुना डायनामो एवढं भागवत नाही. रांगेत इंजिन बंद करू नका, हजार आरपीएमवर ठेवा, फॉग काढून टाका. आणि उतारावर सोडून गाडी सुरू करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इंजिन बंद तर कॉम्प्रेसर बंद, ब्रेकच्या हवेचा काटा ५ किलोच्या खाली असेल तर भरलेली गाडी थांबणार नाही.

शहापूर, पडघा, भिवंडी, शिळफाटा, वाशी: सांगण्यासारखं काही नाही.

आता त्या ११.९ चं. टेप आणि मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले होते, जवळपास प्रत्येक जुन्या गाडीत असतात. ती बॅटरी रोज थोडी उपाशी राहते, आणि तिची भरपाई करायला जाणारा करंट दुसरीला उकळवून तिचं पाणी संपवतो. मग कुणी एकच नवी टाकतो आणि तीही वर्षभरात जाते. २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा, दोन बॅटऱ्यांच्या मधून काढलेली ती १२ व्होल्टची वायर काढून टाका. बॅटऱ्या बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच अँपिअर-अवरच्या. उतरलेली बॅटरी वेगळी काढून चार्जरवर रात्रभर लावली तर बऱ्याचदा परत येते. आमची आली. वाशीला १२.६ दाखवत होती.